नेमाडे वाचताना आपण कुठे बसतो?

(शहरातल्या एका वाचनकट्ट्यावर तरुण वाचकांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



मित्र-मैत्रिणींनो, गेले तीन महिने आपल्या कट्ट्यावर भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्या वाचल्या जातायत. कुणी 'कोसला' पूर्ण केली, कुणी 'हिंदू' शंभर पानांवर ठेवून दिली, कुणी नुसतं मुखपृष्ठ बघून हात लावला नाही. मागच्या बैठकीत आवाज चढले. एकानं विचारलं, "मॅडम, आपण आपला वेळ यावर का घालवतोय?" प्रश्न रास्त होता. मी बारा वर्षं ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे असे प्रश्न मला आवडतात. म्हणून आज मी लेखकाबद्दल कमी आणि वाचकांच्या मतांबद्दल जास्त बोलणार आहे. मतं तुमची, माझी आणि आपल्या आधीच्या वाचकांचीही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. नेमाडे हे आपल्या शहराला परके नाहीत. जन्म खानदेशातला, १९३८चा, गाव सांगवी. पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत ते इथल्या मराठवाडा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. १९९० साली त्यांना ज्या 'टीकास्वयंवर' या समीक्षाग्रंथासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो इथल्याच साकेत प्रकाशनानं छापला. आणि आजच्या विषयाशी अगदी जवळची गोष्ट म्हणजे, १९७९ साली बाबा भांड यांनी 'कोसलाबद्दल' नावाचं पुस्तक संपादित केलं, तेही औरंगाबादेतून. एका कादंबरीबद्दल लोकांना काय वाटलं, एवढ्याच विषयावरचं पुस्तक. म्हणजे नेमाड्यांवर मतं मांडायची, भांडायची, ती गोळा करायची हा या शहराचा जुना उद्योग आहे. आपण बाहेरून येऊन घुसलेलो नाही. आपण तीच चर्चा पुढे चालवतोय.

आता 'कोसला'. १९६३ची कादंबरी. आपल्यापैकी अनेकजण जिथे शिकले ते मौलाना आझाद कॉलेजही १९६३चंच. पांडुरंग सांगवीकर नावाचा खेड्यातला मुलगा पुण्याला कॉलेजात जातो, वसतिगृहात राहतो, सेक्रेटरी होतो, पैसे उधळतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परत येतो. एवढीच गोष्ट. नोकरी लागत नाही, प्रेमप्रकरण धड होत नाही, शेवटी काही 'घडत' नाही. त्या काळच्या वाचकाला कादंबरीत घडवून आणलेलं कथानक आणि सजवलेली भाषा यांची सवय होती. त्यात हा पोरगा 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' अशा शब्दांनी बोलत सुटला. पु. ल. देशपांड्यांसारख्या लोकप्रिय लेखकानं तिचं मनापासून कौतुक केलं. दुसरीकडे अनेकांना हा सगळा पोरकटपणा वाटला. साठ वर्षांनी आपल्या कट्ट्यावर नेमकी तीच दोन मतं निघाली, याची मला गंमत वाटली.

तुमची मतं मी वहीत लिहून ठेवली आहेत. नावं घेत नाही. एक जण म्हणाला, "हा तर मीच. फक्त माझ्या वडिलांकडे उधळायला पैसे नाहीत." पॉलिटेक्निकची एक मुलगी म्हणाली, "मुलगा नापास होऊन घरी आला तर कादंबरी होते. मी नापास झाले असते तर लग्न झालं असतं." आणखी एकानं सांगितलं, की त्याला पुस्तक कंटाळवाणं वाटलं, पण धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग वाचून तो रात्री झोपला नाही. त्याच्या चुलत्याच्या घरात तसं लेकरू गेलं होतं.

या तिन्ही मतांत एक समान धागा आहे. तिघांनीही पुस्तक आपल्या घराशेजारी ठेवून बघितलं. मला हे वाचन खरं वाटतं. परीक्षेच्या उत्तरात आपण लिहितो, 'ही कादंबरी अस्तित्ववादी आहे.' ते लिहायला पुस्तक वाचावं लागत नाही, गाइड पुरतं. पण "मी नापास झाले असते तर लग्न झालं असतं" हे वाक्य कुठल्याही गाइडमध्ये नाही. मराठी समीक्षेला ते वाक्य कुणीतरी द्यायला हवं होतं. ते आपल्या कट्ट्यावरून गेलं तर वाईट काय?

'कोसला'त अजिंठ्याचा एक भाग आहे. पांडुरंग लेण्यांमध्ये जातो, बुद्धासमोर उभा राहतो, आणि त्याचं स्वतःचं दुःख आणि ते दगडातलं दुःख एकमेकांत मिसळतं. आपण सगळे शाळेच्या सहलीला अजिंठ्याला गेलोय. डबा खाल्ला, फोटो काढले, परत आलो. आपल्याच जिल्ह्यातली जागा एखाद्या पुस्तकात वाचल्यावर परत बघावीशी वाटते, हे कादंबरीचं साधं काम आहे. मग मनात येतं, की आपला पाणचक्कीचा हौद, शहागंजचा बाजार, खुलताबादचा उरूस, हिमायतबागेची सकाळ, यांच्यावर असं कुणी मराठीत लिहिलंय का? लिहिलं असेल तर आपण वाचलंय का? नसेल तर कुणाची वाट बघतोय?

त्यानंतरच्या चांगदेव पाटलाच्या कादंबऱ्या. 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल'. यातल्या 'बिढार', 'जरीला', 'झूल' १९७५ ते १९७९ या काळात आल्या. लहान शहरांतली कॉलेजं, प्राध्यापकांचं राजकारण, भाड्याच्या खोल्या, बदल्या, जातीचे गट. कट्ट्यावर या कादंबऱ्या फक्त दोघांनी वाचल्या. त्या दोघांचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटलं. दोघेही तासिका तत्त्वावर शिकवतात. ते म्हणाले, की स्टाफरूम अजून तशीच आहे, फक्त आता मोबाईल आले. लेखक मोठा की छोटा हे ठरवताना ही कसोटी वाईट नाही. ज्याच्या पोटाशी तो विषय आहे, त्याला पुस्तक खोटं वाटतं का?

आता ज्या पुस्तकावरून आवाज चढले, त्याकडे येते. 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ', २०१०. मुखपृष्ठावर तो शब्द. आपल्यातल्या एका मुलानं सरळ सांगितलं, "बसमध्ये हे पुस्तक हातात घेऊन बसायला मला विचित्र वाटलं. आणि माझ्या शेजारच्यालाही वाटलं असेल." सगळे हसले. पण यात हसण्यासारखं थोडं आणि विचार करण्यासारखं जास्त आहे.

पुस्तकात काय आहे ते आधी बघू. खंडेराव नावाचा तरुण पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. तो पाकिस्तानात, मोहेंजोदडोच्या उत्खननावर आहे. वडील आजारी असल्याचं कळतं आणि तो आपल्या मोरगावला परत यायला निघतो. प्रवासात आणि गावात त्याच्या आठवणींचा ढीग उपसला जातो. पूर्वज, शेती, जाती, पंथ, भटके, बायका, भांडणं, गाणी. उत्खननात जसे थरावर थर निघतात, तसे. 'हिंदू' हा शब्द नेमाडे सिंधूकाठच्या, हजारो वर्षांच्या, एकमेकांत मिसळलेल्या जगण्यासाठी वापरतात. एका धर्माची चौकट त्यांना मान्य नाही, हे कादंबरीत स्पष्ट आहे आणि त्यांच्या भाषणांतही. म्हणूनच हा शब्द धर्माच्या राजकारणासाठी वापरणाऱ्यांपैकी अनेकांना हे पुस्तक रुचलं नाही. ज्यांनी नावावरून ते आपलं समजून घेतलं, त्यांचा आतल्या पानांनी अपेक्षाभंग केला. ज्यांनी नावावरून ते परकं समजून टाळलं, ते दाराशीच थांबले. दोन्ही बाजूंना मुखपृष्ठानं फसवलं म्हणा.

मग सगळं छान आहे, वाचून टाका, असं म्हणून मी खाली बसू का? नाही. कारण मागच्या बैठकीत एका मुलीनं जो मुद्दा काढला, तो असा झटकता येत नाही. ती म्हणाली, "लेखक मला मोठ्या मनानं आत घेतोय, हे कळलं. पण 'तुम्हीही मूळचे हिंदूच' हे वाक्य मी शाळेत, ऑफिसात, टीव्हीवर ऐकते, तेव्हा त्यात मोठं मन नसतं. तिथे ती अट असते. मग पुस्तकात तोच शब्द आला की माझे कान आपोआप टवकारतात. याला मी काय करू?"

माझं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, आज देते. कान टवकारले तर टवकारू दे. शब्द लेखकाच्या घरातून निघतो, पण वाचकाकडे येईपर्यंत रस्त्यावरून चालत येतो. रस्त्यावरची धूळ त्याला लागते. नेमाड्यांनी शब्द धुऊन, व्यापक करून आपल्यापुढे ठेवला. ही मेहनत मानली पाहिजे. पण २०१० साली त्या शब्दाला जो भार होता आणि आज जो आहे, तो काही फक्त कादंबरीकारानं ठरवलेला नाही. म्हणून त्या मुलीची अस्वस्थता हे चुकीचं वाचन नाही. ती त्या कादंबरीला दिलेली प्रामाणिक दाद आहे, थोडी तिखट दाद. पुस्तक आवडणं आणि त्याच्या नावाशी मतभेद असणं, हे दोन्ही एकाच वाचकाच्या डोक्यात सुखानं राहू शकतं. माझ्या डोक्यात राहतं.

अडचण एकच आहे. हे म्हणण्याचा हक्क आतली पानं वाचल्यावर येतो. आणि इथे मला आपल्याच घरातली एक कडू गोष्ट काढावी लागते. १९८८ साली सलमान रश्दी यांच्या एका कादंबरीवरून देशात आणि जगात केवढा आगडोंब उसळला. त्या वर्षी ऑक्टोबरात भारत सरकारनं पुस्तकाच्या आयातीवर बंदी घातली. दुखावलेल्या भावना खऱ्या होत्या, मी त्यांची थट्टा करत नाही. पण रस्त्यावर आलेल्यांपैकी किती जणांनी ते पुस्तक पाहिलं तरी होतं? दुसऱ्याकडून ऐकून मत बनवण्याची सवय तेव्हापासून आपल्यावर छाप टाकून आहे. जगानं आपल्याला 'न वाचता चिडणारे' ठरवून टाकलं.

आता याची दुसरी बाजू बघा. फेब्रुवारी २०१५ मध्ये नेमाड्यांना ज्ञानपीठ जाहीर झाला. वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर यांच्यानंतरचे ते चौथे मराठी मानकरी. त्याच सुमारास नेमाड्यांनी इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय लेखकांवर, रश्दी आणि नायपॉल यांच्यावर टीका केली. रश्दींनी ट्विटरवर त्यांना शिवी हासडली, आणि जे लेखन तुम्ही झोडताय ते वाचलं तरी आहे का, अशी शंका घेतली. म्हणजे जगप्रसिद्ध लेखकांतही 'वाचलं का?' हाच शेवटचा प्रश्न उरला. आणि रश्दींनी स्वतः नेमाडे वाचले होते का, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. 'कोसला'चा इंग्रजी अनुवाद तोवर कधीचाच झाला होता. न वाचता बोलणं ही काही फक्त मुसलमानांची मक्तेदारी नाही, एवढं समाधान यातून आपल्याला मिळतं. पण ते समाधान घेऊन घरी बसण्यापेक्षा आपण वाचलेलं बरं.

आता बायकांचा मुद्दा. कट्ट्यावरच्या मुलींची नेमाड्यांवर सर्वांत मोठी तक्रार हीच होती, आणि ती नवी नाही. अनेक वाचक स्त्रियांनी ती केली आहे. 'कोसला'तला पांडुरंग मुलींबद्दल ज्या सुरात बोलतो, तो आज खटकतो. 'हिंदू'मध्ये शेतकरी घरातल्या बायकांचे हाल भरभरून सांगितले आहेत, पण सांगणारा खंडेरावच. बाई सोसते, पुरुष आठवतो आणि लिहितो. एका मुलानं बचाव केला, की पात्राचं मत म्हणजे लेखकाचं मत नव्हे. बरोबर आहे. पण मुलींनी विचारलं होतं वेगळंच. शेकडो पानांत बोलण्याची पाळी कुणाकडे आहे? हा प्रश्न तुम्ही नेमाड्यांना विचारा, आणि तोच प्रश्न आपल्या मोहल्ल्याच्या बैठकीलाही विचारा. तिथे बोलण्याची पाळी कुणाकडे असते? एका कादंबरीला लावलेली कसोटी घरी लावायची नसेल, तर ती कसोटी कशाला म्हणायची?

पुढचा मुद्दा 'आपण कुठे आहोत?' हा. तुमच्यापैकी काही जण नेमाड्यांच्या कादंबऱ्यांत मुसलमान पात्रं मोजत बसले होते. मी त्यावर फार वेळ घालवणार नाही. कुणब्याच्या घरातला माणूस कुणब्याच्या ओट्यावरून जग बघणार. त्या ओट्यावरून मोहल्ला जेवढा दिसतो, तेवढाच तो लिहिणार. आपल्या ओट्यावरून काय दिसतं, ते त्यानं लिहावं ही अपेक्षा मला आळशीपणाची वाटते.

'कोसला'नंतर दोनच वर्षांनी, १९६५ साली, हमीद दलवाई यांची 'इंधन' आली. ती कट्ट्यावर फक्त तिघांनी वाचली आहे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघा. पांडुरंग पुण्याहून सांगवीला परततो. 'इंधन'मधला निवेदक प्रकृतीच्या कारणानं मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परततो. पुढे खंडेराव मोहेंजोदडोहून मोरगावला परततो. तिघेही घरी परतलेले मुलगे. पांडुरंगाला गावात स्वतःचं रिकामपण भेटतं. खंडेरावाला पाच हजार वर्षांची अडगळ भेटते. आणि 'इंधन'मधल्या माणसाला काय भेटतं? हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांमधला ताण, जो त्याच्या डोळ्यांदेखत पेट घेतो. परत येण्याचा एकच प्रवास, पण कोण परततोय यावर गाव बदलतं. नेमाड्यांवर मत देणाऱ्या आपल्या तरुणानं 'इंधन' वाचली नसेल, तर त्याची तक्रार अर्धी राहते. दलवाईंच्या सामाजिक मतांशी तुमचं पटतं की नाही, हा प्रश्न मी आज काढत नाही. कादंबरी म्हणून वाचा.

शेवटचा मोठा मुद्दा भाषेचा. नेमाडे 'देशीवाद' मांडतात. थोडक्यात, साहित्य आपल्या मातीतून, आपल्या बोलीतून, आपल्या परंपरेतून उगवावं, उसनं असू नये. यावर टीकाकारांची शंका अशी, की 'देशी कोण' हे ठरवायला कुणीतरी बसतो आणि मग दार बंद व्हायला लागतं. शंका खरी आहे. पण मी ती उलट बाजूनं घेते. देशी हा शब्द खरा मानायचा असेल, तर त्यात माझी आजी बसली पाहिजे. ती दखनी बोलायची. ती "मेरेकू नक्को" म्हणायची, आणि त्यातला 'नक्को' मराठीतून आलेला आहे हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वली आणि सिराज हे औरंगाबादचे कवी याच मातीतले. सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत 'योगसंग्राम' लिहीत होते. महानुभाव आणि संत साहित्याचे मोठे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण आपल्याच विद्यापीठात मराठी शिकवायचे, आणि १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. एकाच वर्षी एक मुसलमान मराठीच्या मोठ्या मंचावर अध्यक्ष, आणि त्याच वर्षी मुसलमान लेखकांना आपला वेगळा मंच उभारावासा वाटला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या. आजही आहेत.

म्हणून मला विचाराल, तर देशीवादाशी भांडायचं हत्यार देशीवादातच आहे. नेमाड्यांना आपण म्हणू शकतो, "सर, तुमचा विचार आम्हाला पटला. आता त्याचा हिशोब पूर्ण करू. देशीत दखनी धरा, देशीत कव्वाली धरा, मोहरममध्ये गावोगाव बसणारे पीर आणि ताबूत धरा, त्यांच्यापुढे नवस बोलणारे सगळ्या जातींचे लोक धरा." हे भांडण आतल्या माणसाचं आहे. बाहेर उभं राहून दगड मारण्यापेक्षा याला जास्त ताकद लागते, आणि जास्त वाचनही.

आता कामाचं बोलते. कट्ट्यावर मत देताना तीन गोष्टी पाळू या. पहिली, किती पानं वाचली ते आधी सांगायचं. चाळीस वाचली असतील तर चाळीस सांगा, लाज नाही. दुसरी, "मला वाटतं" म्हटल्यावर पुस्तकातली एक जागा दाखवायची. जागा नसेल तर ते मत पुस्तकाबद्दल नसून दुसऱ्याच कशाबद्दल तरी असतं. तिसरी, "मुसलमान म्हणून तुम्हाला काय वाटतं?" असं कुणी विचारलं, तर उत्तर द्यायला हरकत नाही, पण तेवढंच उत्तर देऊन थांबायचं नाही. तुम्ही विद्यार्थी आहात, मुलगी आहात, शेतमजुराचा मुलगा आहात, रिक्षा चालवता, स्पर्धा परीक्षा देता. या सगळ्या जागांवरूनही पुस्तक दिसतं. एकाच खिडकीत बसवून ठेवायला लोक टपलेले असतात. आपण स्वतः तरी स्वतःला बसवू नये.

आपल्या शहरात गेल्या काही वर्षांत मोहल्ल्या-मोहल्ल्यांत मुलांची छोटी वाचनालयं सुरू झाली आहेत. तिथली पोरं उद्या या कट्ट्यावर येतील. ती विचारतील, नेमाडे वाचू का? त्यांना "नको, ते आपलं नाही" असं सांगू नका. "वाच, फार भारी आहे" असंही सांगू नका. 'कोसला' हातात द्या, आणि महिन्याभरानं विचारा, "कुठल्या पानावर भांडण झालं?"

पुढच्या महिन्यात 'इंधन' घेऊ. पुस्तक छोटं आहे, त्यामुळे चाळीस पानांची सवलत मिळणार नाही. ज्यांना लिहायचंय त्यांनी दोन पानं लिहून आणा, मराठीत आणा, उर्दूत आणा, दखनीत आणलीत तर मी स्वतः टाइप करून देईन.